गाडीची चाबी मुकी होते तेव्हा

मी तुमची गट समन्वयक, कुरखेड्याहून बोलते आहे. या कार्यक्रमात आपण बचतीवर बोललो, कर्जफेडीवर बोललो, धानाच्या भावावर बोललो. आज विषय वेगळा आहे. आज बोलायचं आहे गाडीच्या चाबीवर. हसू नका. चाबी एवढीशी, पण तिच्यामुळे एका रात्री आमचा जीव टांगणीला लागला होता.

केंद्र सरकारच्या ग्रामविकास मंत्रालयाने २०१७ मध्ये आजीविका ग्रामीण एक्स्प्रेस योजना आणली, तेव्हापासून बचत गटातल्या बायांनी प्रवासी गाडी चालवावी ही गोष्ट नवलाची राहिली नाही. कुठे योजनेतून, कुठे ग्रामसंघाच्या कर्जातून, कुठे गटाच्या स्वतःच्या बचतीतून गाड्या आल्या. आमच्या एका गटानेही जुनी आठ सीटची गाडी घेतली. बाजाराला जायला, वडशाच्या रेल्वे स्टेशनवर माणसं सोडायला, माल आणायला. गाडीचं इंजिन पाहिलं, टायर पाहिले, कागद पाहिले. चाबीकडे मात्र कोणी पाहिलं नाही. एकच चाबी मिळाली, तीच घेऊन आम्ही पेढे वाटले.

रोवण्याचे दिवस होते. रात्री अकराच्या सुमारास मला फोन आला. गटातल्या एका बाईच्या सुनेला कळा सुरू झाल्या होत्या. १०८ ला फोन केला होता, पण गाडी दुसऱ्या केसवर गेलेली, यायला वेळ लागणार होता. म्हणून गटाची गाडी काढायचं ठरलं. मी पोहोचले तर सगळे गाडीभोवती उभे.

"ताई, गाडी उघडूनच नाही राहिली जी."

"काहून? का झालं?"

"बटन दाबून दाबून अंगठा दुखला. चाबी मुकी झाली."

चाबीतला सेल संपला होता. बरं, लोखंडी चाबीने दार उघडावं, तर गाडी घेतल्यापासून त्या भोकात कोणी चाबी घातलीच नव्हती. धूळ आणि पाण्याने कुलूप जाम. खोबरेल तेल सोडलं, चाबी हलवत राहिलो, शेवटी दार उघडलं. उघडताक्षणी सायरन बोंबलायला लागला. सारं गाव जागं झालं. चाबी फिरवली तर गाडी चालू होईना. गाडीला वाटत होतं, आपण चोर आहोत. शेवटी एका ओळखीच्या मेकॅनिकला झोपेतून उठवलं. त्याने फोनवर सांगितलं की स्टिअरिंगच्या खाली हात घालून एक लहान बटन शोधा, चाबी चालू स्थितीत फिरवा आणि ते बटन दाबा. सायरन बंद झाला, गाडी चालू झाली. या साऱ्यात पाऊण तास गेला. नशीब चांगलं म्हणून आम्ही वेळेत पोहोचलो आणि बाळबाळंतीण सुखरूप राहिली. पण पाऊण तास म्हणजे काय, हे बाळंतपण पाहिलेल्या बाईला मी सांगायला नको.

त्या रात्रीनंतर मी ठरवलं, ही चाबी समजून घ्यायची. जे समजलं ते आज तुम्हाला सांगते.

एका चाबीत तीन चाब्या

तुमच्या हातातली गाडीची चाबी एक दिसते, पण तिच्यात तीन वेगवेगळ्या गोष्टी असतात. पहिली म्हणजे लोखंडी पातं. ते दाराचं कुलूप उघडतं आणि स्टिअरिंगजवळ फिरतं. दुसरी म्हणजे बटनाचा रिमोट. तो लांबून दार उघडतो आणि बंद करतो. त्याला सेल लागतो. तिसरी गोष्ट डोळ्याला दिसत नाही. ती म्हणजे चाबीच्या प्लास्टिकच्या मुठीत बसवलेली चिप. ही चिप गाडीला सांगते की ही चाबी घरची आहे. तेव्हाच इंजिन चालू होतं. या व्यवस्थेला इमोबिलायझर म्हणतात.

बँक सखीकडे आपण पैसे काढायला जातो तेव्हा काय होतं? नुसतं नाव सांगून चालत नाही, अंगठा लावावा लागतो. अंगठा जुळला तर पैसे. चाबीतली चिप म्हणजे गाडीसाठी अंगठा. कोणी हुबेहूब लोखंडी चाबी घासून आणली तर दार उघडेल, पण अंगठा जुळणार नाही आणि इंजिन सुरू राहणार नाही.

आता महत्त्वाचं ऐका. या चिपला सेल लागत नाही. चाबी जिथे फिरवतो तिथे तारेचं एक वेटोळं असतं, त्यातून चिपला तेवढ्यापुरती वीज मिळते. म्हणजे रिमोटचा सेल मेला तरी कंपनीतून आलेल्या चाबीने गाडी चालू होते. "सेल संपला, आता गाडी चालणार नाही" असं समजून कोणी घरी बसू नये.

काही नव्या गाड्यांना चाबी फिरवावी लागत नाही, बटन दाबून गाडी चालू होते. त्या चाबीचा सेल संपला तर दोन गोष्टी करायच्या. चाबीच्या कडेला लहान खटका असतो. तो सरकवला की आत लपवलेलं लोखंडी पातं बाहेर येतं, त्याने दार उघडा. मग ब्रेकवर पाय ठेवून चाबीच गाडी चालू करायच्या बटनाला टेकवा आणि बटन दाबा. बहुतेक गाड्यांत ही सोय असते. काही गाड्यांत चाबी टेकवायची जागा वेगळी असते, ती गाडीच्या पुस्तकात दाखवलेली असते.

चाबी म्हणजे एक इवलंसं रेडिओ स्टेशन

तुम्ही आता मला रेडिओवर ऐकता आहात. आपला एफएम रेडिओ ८८ ते १०८ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात लागतो. गाडीचा रिमोटसुद्धा रेडिओच आहे. आपल्याकडच्या पुष्कळ गाड्यांचे रिमोट ४३३ मेगाहर्ट्झच्या आसपास बोलतात. फरक एवढाच की आपला आवाज कित्येक किलोमीटर जातो आणि चाबीचा आवाज अंगणापुरता. गाडीत एक कान बसवलेला असतो, तो ऐकतो आणि दार उघडतो. १९८२ मध्ये फ्रान्सच्या रेनॉ कंपनीच्या फ्युगो गाडीला लांबून दार उघडणारा रिमोट आला, पुढे ही पद्धत जगभर पसरली.

टीव्हीचा रिमोट चालतो का हे बघायला मुलं मोबाईलचा कॅमेरा लावतात आणि रिमोटचा दिवा लुकलुकताना दिसतो. गाडीच्या चाबीला ही परीक्षा लागू नाही. टीव्हीचा रिमोट डोळ्याला न दिसणाऱ्या उजेडाने बोलतो, गाडीचा रिमोट रेडिओच्या लहरींनी बोलतो. कॅमेऱ्यात काही दिसलं नाही म्हणून चाबी बिघडली असं समजू नका.

मग तुम्ही विचाराल, चाबी हवेत बोलते, तर चोराने तिचं बोलणं पकडून तेच परत ऐकवलं तर? जुन्या रिमोटमध्ये हे होऊ शकत होतं, कारण रिमोट रोज एकच शब्द बोलायचा. म्हणून नव्या रिमोटमध्ये दर वेळी शब्द बदलतो. आपलं पावती पुस्तक आठवा. पावतीला क्रमांक असतो. १२ नंबरची पावती वापरून झाली, ती कोणी परत आणली तर आपली कोषाध्यक्ष म्हणेल, "ही तर झाली बाई, पुढची दाखव." गाडीही तसंच करते. जुना क्रमांक घेत नाही, पुढचाच घेते.

आता एखाद्या पोराने चाबी खेळायला घेतली आणि गाडीपासून दूर बसून बटन दाबत राहिलं, तर चाबीचे क्रमांक पुढे निघून जातात आणि गाडी मागे राहते. थोडा फरक पडला तर गाडी समजून घेते, एक-दोन वेळा दाबलं की जुळतं. फरक फार वाढला तर चाबी आणि गाडीची पुन्हा ओळख करून द्यावी लागते. काही गाड्यांत लोखंडी चाबीने दार उघडून गाडी एकदा चालू केली की जुळणी होते. काहींना दुकानात न्यावं लागतं. म्हणून पहिला नियम, चाबी लेकराच्या हातात देऊ नये. दुसरं एक मोठं कारण आहे, ते पुढे सांगते.

चाबी चालेना, तर आधी काय बघायचं

घाबरून लगेच दुकानात धावू नका. एक एक करून बघा.

आधी आठवा, गेल्या काही दिवसांत गाडीच्या अगदी जवळ गेल्यावरच चाबी चालत होती का? बटनाजवळचा लहान दिवा मंद झाला होता का? तसं असेल तर सेल संपत आला आहे. हे सगळ्यात जास्त वेळा आढळणारं कारण आहे आणि सगळ्यात स्वस्तही.

दुसरी चाबी असेल तर ती वापरून बघा. दुसरी चालली तर दोष पहिल्या चाबीत. दोन्ही चालत नसतील तर दोष गाडीत असण्याचा संभव जास्त. गाडीची मोठी बॅटरी उतरली असेल किंवा फ्यूज उडाला असेल. हॉर्न वाजतो का, आतला दिवा लागतो का ते बघा.

एखादं दार अर्धवट लागलेलं तर नाही ना? चाबी स्टिअरिंगजवळ अडकवून तर ठेवली नाही ना? पुष्कळ गाड्यांत अशा वेळी रिमोट मुद्दाम काम करत नाही, म्हणजे आपण चाबी आत ठेवून बाहेर अडकू नये.

मोबाईल टॉवरखाली किंवा मोठ्या विजेच्या यंत्राजवळ गाडी उभी असेल तर चाबीचा आवाज गोंगाटात हरवू शकतो. गाडीच्या अगदी जवळ जाऊन दाबा.

दार उघडतं पण इंजिन चालू होत नाही आणि समोरच्या काट्यांच्या जागी गाडी व कुलूप किंवा चाबीचं चित्र लुकलुकतं, असं असेल तर गाडीला चिप ओळखू येत नाही. चाबीच्या कड्यात दुसऱ्या गाडीची चाबी अडकवलेली असेल तर ती काढा, चाबी बंद करून थोडं थांबा, परत फिरवा. तरी नाही तर दुसरी चाबी लावून बघा. तीही चालली नाही तर मात्र मेकॅनिक गाठा.

चाबी पाण्यात किंवा बांधीच्या चिखलात पडली तर लगेच बटन दाबू नका. उघडा, सेल काढा, कोरड्या फडक्याने पुसा आणि सावलीत चांगली वाळू द्या. चुलीजवळ ठेवू नका. तांदळाच्या डब्यात पुरूनही ठेवू नका, त्याची भुकटी आत जाऊन बसते.

सेल बदलणं घरचं काम आहे

चाबीच्या कडेला बारीक खाच असते. तिच्यात नाणं घालून हलकेच फिरवलं की दोन भाग सुटतात. काही चाब्यांना लहान स्क्रू असतो. आत चपटा गोल सेल दिसेल. त्यावरचा नंबर बघा. पुष्कळ चाब्यांत सीआर २०३२ असतो. हा नंबर म्हणजे मापच आहे. २० म्हणजे रुंदी २० मिलिमीटर, ३२ म्हणजे जाडी ३.२ मिलिमीटर. २०१६ चा सेल तेवढाच रुंद पण निम्मा जाड असतो, तो घातला तर सैल बसेल. म्हणून जुना सेल सोबत घेऊन दुकानात जा आणि तोच नंबर मागा. सेल काढताना अधिकचं चिन्ह कोणत्या बाजूला होतं ते मोबाईलमध्ये फोटो काढून ठेवा, नवा तसाच बसवा. ओल्या हाताने करू नका. सेल बदलल्याने सहसा चाबीची ओळख पुसली जात नाही.

आता ते मोठं कारण. हा सेल साधारण एक रुपयाच्या नाण्याएवढा असतो. लहान मूल तो गिळू शकतं. तो अन्ननलिकेत अडकला तर आतली ओल आणि त्याची वीज मिळून दोन तासांतही आतली कातडी खोल भाजते. संपलेला सेलही हे करतो. लाळ गळणं, खोकला, उलटी, जेवण न जाणं ही लक्षणं असू शकतात, पण कधी काहीच लक्षण दिसत नाही. गिळल्याचा नुसता संशय आला तरी वाट बघू नका. उलटी करवू नका, केळं खाऊ घालू नका. एक्स-रे निघेल अशा जवळच्या मोठ्या दवाखान्यात लगेच निघा आणि पहिलं वाक्य हेच सांगा, "बटनाचा सेल गिळला आहे." मूल एक वर्षाहून मोठं असेल, गिळून बारा तास झाले नसतील आणि त्याला गिळता येत असेल, तर वाटेत दर दहा मिनिटांनी दोन लहान चमचे मध द्यावा, जास्तीत जास्त सहा वेळा. त्याने भाजणं कमी होतं. पण मध शोधत बसू नका, आधी गाडी काढा. जुने सेल चिकटपट्टीत गुंडाळून लेकरांच्या हाती लागणार नाहीत असे ठेवा.

प्रोग्राम करणं म्हणजे नाव नोंदवणं

दुकानदार म्हणतो, "चाबी प्रोग्राम करावी लागेल, खर्च येईल." आपण मान हलवतो. प्रोग्राम करणं म्हणजे काय? आपल्या गटात नवी सदस्य आली तर नुसती सतरंजीवर येऊन बसली म्हणून सदस्य होत नाही. रजिस्टरमध्ये नाव चढतं, अध्यक्ष-सचिवाच्या सह्या होतात. गाडीच्या आतल्या संगणकातही असंच रजिस्टर असतं. नव्या चाबीच्या चिपचं आणि रिमोटचं नाव त्यात चढवणं म्हणजे प्रोग्रामिंग.

कंपनीतून आलेल्या चाबीसाठी स्टिअरिंगखालच्या एका जोडणीला यंत्र लावतात आणि बहुतेक गाड्यांत गुप्त क्रमांकही लागतो. हे काम अधिकृत सर्व्हिस सेंटरला किंवा जाणकार चाबीवाल्याकडे होतं. जाताना आरसी, ओळखपत्र आणि हातात असतील तेवढ्या सगळ्या चाब्या न्या. सगळ्या का? तर पुष्कळ गाड्यांत रजिस्टर नव्याने लिहिलं जातं आणि जी चाबी समोर नसेल तिचं नाव गळतं. हरवलेली चाबी बाद करायची असेल तर हेच आपल्या कामाला येतं.

आमच्या गाडीसारखा सायरनवाला रिमोट मात्र गाडीच्या कंपनीचा नसतो, ॲक्सेसरीजच्या दुकानात मागून बसवलेला असतो. त्याचं नाव नोंदवणं सोपं असतं. कुठे चाबी ठरावीक वेळा चालू-बंद करायची असते, कुठे डब्यावरचं बटन दाबायचं असतं, मग रिमोट दाबून धरला की दिवे लुकलुकतात. पण प्रत्येक डब्याची पद्धत वेगळी, म्हणून त्यासोबतचा कागद जपून ठेवा. आणि सायरन बंद करायचं ते लपलेलं बटन कुठे आहे हे गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाला दाखवून ठेवा. बाजारात स्वस्त "कॉपी रिमोट" मिळतात, ते एकच शब्द बोलणाऱ्या जुन्या रिमोटची नक्कल करतात. दर वेळी शब्द बदलणाऱ्या रिमोटला ते चालत नाहीत. त्यात पैसे घालवू नका.

जुनी गाडी घेताना

आमची सगळ्यात मोठी चूक इथे झाली. नव्या गाडीसोबत साधारण दोन चाब्या मिळतात. जुनी घेताना दोन्ही मागा. दुसरी चाबी आधीच्या मालकाकडे राहिली तर तिचं नावही रजिस्टरमध्ये राहतं. माणूस चांगला असेल, पण ती चाबी कोणाच्या हाती जाईल ते आपल्याला कळत नाही. म्हणून गाडी हाती आली की जुन्या चाब्यांची नावं पुसून आपल्या चाब्यांची नव्याने नोंद करून घ्या. चाबीसोबत क्रमांक कोरलेली लहान पट्टी मिळते, तीही मागून घ्या. नवी चाबी कापायला तो क्रमांक उपयोगी पडतो.

गाडी चोरीला गेली आणि विम्याचे पैसे मागायला गेलो तर विमा कंपनी दोन्ही चाब्या मागते. एक नसेल तर ती कुठे गेली याचा जाब द्यावा लागतो. म्हणून चाबी हरवली की पोलीस ठाण्यात हरवल्याची नोंद करा, तिची प्रत घ्या आणि विमा कंपनीला कळवा.

आणि एकच चाबी उरली असेल तर दुसरी आजच करून घ्या. एक चालती चाबी हातात असताना दुसरी करणं सोपं आणि कमी खर्चाचं. एकही नसेल तर गाडी उचलून न्यावी लागते आणि खर्च कितीतरी वाढतो. आम्ही त्या रात्रीनंतर गटाच्या बैठकीत ठराव घेतला आणि दुसरी चाबी करून घेतली. एका बाईने विचारलं, "एवढे पैसे एका चाबीत?" तेव्हा सून जिची होती ती बाई उठून म्हणाली, "माझ्या घरी विचारा, पाऊण तासाची किंमत किती असते ते."

मग पुढे कोणी काही बोललं नाही.

पुढच्या बैठकीत एवढं करा

तायांनो, ज्या गटाकडे किंवा ज्यांच्या घरी गाडी आहे त्यांनी पुढच्या बैठकीत चाबी सतरंजीवर ठेवा. किती चाब्या आहेत ते मोजा आणि कोणाकडे कोणती, ते रजिस्टरमध्ये लिहा. दुसरी चाबी गाडी चालवणाऱ्याच्या घरी ठेवू नका, दुसऱ्या घरी ठेवा. लोखंडी चाबीने दाराचं कुलूप महिन्यातून एकदा उघडून बघा, म्हणजे जाम होणार नाही. एक नवा सेल पाकिटातच ठेवून कपाटात वर ठेवा. आणि गाडी चालवता येणाऱ्या प्रत्येकीने एकदा रिमोटला हात न लावता गाडी उघडून चालू करून दाखवावी. दिवसाउजेडी, सगळ्यांसमोर. तेव्हा चुकलं तर हसू येईल, रात्री चुकलं तर रडू येतं.

तुमच्या गाडीच्या चाबीने तुम्हाला कधी दगा दिला असेल तर आम्हाला जरूर कळवा. तुमचा अनुभव दुसऱ्या गावच्या एखाद्या बाईच्या कामी येईल. येते मी. नमस्कार.